माकडतापावर औषध कोण शोधणार? ना-नफा संस्था, एआय आणि आपला सीमाभाग

बेळगावात बी. फार्मच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा प्रश्न माझ्याकडं आला आहे. तिचं गाव खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला. तिनं तीन गोष्टी एकदम विचारल्यात. नफ्यासाठी काम न करणाऱ्या संस्था एकत्र येऊन एआयच्या मदतीनं औषधं शोधतात म्हणजे नेमकं काय करतात? आमच्या भागातल्या माकडतापावर (गोचिडीतून पसरणाऱ्या विषाणूच्या तापावर) असं औषध निघेल का? आणि या सगळ्यात आपल्यासारख्यांना काही करता येईल का? औषधांच्या चाचण्या आणि त्यांचा डेटा यांतच माझी नोकरीची वर्षं गेली, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

आधी सरळ उत्तर. अशा संस्था आहेत, त्यांनी काढलेली औषधं पेशंटपर्यंत पोचली आहेत आणि आता त्या एआय वापरतात. पण एआयनं कोऱ्या पाटीवर रचलेला रेणू सगळ्या चाचण्या पार करून औषधाच्या दुकानात आलाय, असं मी हे लिहितेय तोवर एकदाही झालेलं नाही. त्यामुळं ‘एआयनं औषध शोधलं’ अशी बातमी दिसली की विचारायचं, कुठल्या पायरीपर्यंत? संगणकावर, परीक्षानळीत, उंदरात की माणसात? बहुतेक बातम्या पहिल्या दोन पायऱ्यांवरच असतात.

अशा संस्था लागतात कशाला, हे तुमच्या पुस्तकात क्वचितच सांगतात. ज्या आजाराचे पेशंट गरीब, त्याच्या संशोधनावरचा खर्च वसूल होत नाही, म्हणून कंपनी तिकडं फिरकत नाही. एमएसएफ या डॉक्टरांच्या संघटनेला १९९९ साली शांततेचं नोबेल मिळालं. त्या पैशाचा आधार घेऊन २००३ साली दुर्लक्षित आजारांवर औषधं काढण्यासाठी जिनिव्हात डीएनडीआय ही संस्था उभी राहिली. तिच्या संस्थापकांत आपली आयसीएमआर, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आहे, हे आपल्याकडं फारसं कुणाला माहीत नसतं. आफ्रिकेतल्या निद्रारोगावर पूर्वी मेलार्सोप्रॉल हे आर्सेनिकयुक्त इंजेक्शन द्यायचे आणि त्या इंजेक्शननंच विसातला एक पेशंट दगावायचा. डीएनडीआयनं कंपन्यांनी अर्ध्यावर सोडलेले शेकडो जुने रेणू पुन्हा तपासले, त्यात फेक्सिनिडाझोल हाती लागलं. सानोफी या औषध कंपनीला बरोबर घेऊन चाचण्या झाल्या आणि २०१८ साली युरोपच्या औषध नियामकानं अनुकूल मत दिलं. आता दहा दिवसांच्या गोळ्यांवर भागतं. टीबी अलायन्स या ना-नफा संस्थेचं प्रिटोमॅनिड हे टीबीचं औषध अशाच वाटेनं आलं. २०१९ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या केंद्र सरकारनं औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी प्रिटोमॅनिड असलेला सहा महिन्यांचा उपचार स्वीकारला. पूर्वी हाच उपचार वीस महिन्यांपर्यंत लांबायचा. ही दोन्ही औषधं एआयच्या लाटेच्या आधीची आहेत. त्यांना तारलं ते सहकार्यानं: रेणू एकाचा, पैसा दुसऱ्याचा, पेशंट तिसऱ्या देशातले आणि कारखाना चौथ्याचा.

मग एआय इथं काय भर घालतं? एखादा रेणू जंतूला मारेल का, यकृताला झेपेल का, पाण्यात विरघळेल का, याचा अंदाज देतं. लाखभर रेणू प्रयोगशाळेत तपासणं ना-नफा संस्थेच्या आवाक्याबाहेरचं असतं. मॉडेलनं, म्हणजे डेटावरून शिकवलेल्या संगणक प्रणालीनं, त्यातले दोनशे निवडून दिले तर काम होण्यासारखं असतं. पण मॉडेल शिकतं ते आधी कुणीतरी केलेल्या प्रयोगांवरून, आणि इथंच घोडं पेंड खातं.

एक गोष्ट जवळून दाखवते. रेणूची ताकद मोजताना त्याचं द्रावण पातळ पातळ करत जातात आणि किती प्रमाणात निम्मे जंतू मरतात ते बघतात. आकडा जितका लहान तितका रेणू जालीम. समज, सगळ्यात घट्ट द्रावण १० मायक्रोमोलरचं (हे द्रावणाच्या घट्टपणाचं एकक) होतं आणि त्यातही जंतू जिवंत राहिले. मग वहीत ‘> १०’ असं लिहितात. म्हणजे ‘दहाहून जास्त’, अर्थ हा की रेणू कामाचा नाही. पुढं कुणीतरी तो तक्ता एक्सेलमध्ये भरतं. रकान्यात फक्त आकडे चालतात म्हणून पुढची खूण गळते आणि ‘१०’ तेवढं उरतं. मॉडेलच्या लेखी हा आता बऱ्यापैकी चालणारा रेणू झाला. ‘तपासलं नाही’ याच्या जागी शून्य पडलं तर आणखी वाईट, कारण कधीच न तपासलेला रेणू त्या तक्त्यात जगातला सगळ्यात जालीम ठरतो. अशा तक्त्यावर कितीही भारी मॉडेल बसवलं तरी ते चुकीचंच शिकणार, आणि चुकतंय हे आकड्यांवरून कळणारही नाही. शिवाय नियतकालिकांत छापून येतात ते बहुतेक यशस्वी रेणू. फसलेले हजारो रेणू कंपन्यांच्या कपाटात पडून असतात. मॉडेलला ते तितकेच हवे असतात, कारण काय चालत नाही हे ते त्यांच्यावरूनच शिकतं. एआयच्या क्षेत्रात ‘सहकार्य’ म्हणतात त्याचा गाभा माझ्या मते हाच आहे: आपलं अपयश दुसऱ्याला शिकायला देणं.

मलेरियावर काम करणाऱ्या एमएमव्ही या संस्थेनं यावर काढलेली तोड मला फार पटते. कंपन्या आपले रेणू उघड करायला तयार नव्हत्या, ते त्यांचं भांडवल. तेव्हा युरोपियन बायोइन्फर्मेटिक्स इन्स्टिट्यूटच्या साथीनं सगळ्यांना एकच कोड देण्यात आला. प्रत्येकानं तो आपल्याच संगणकावर, आपल्याच डेटावर चालवला. बाहेर आलं ते शिकलेलं मॉडेल. रेणूंची यादी घरातच राहिली. ही मॉडेलं एकत्र करून तयार झालेली ‘मेप’ ही सेवा २०२१ सालापासून सगळ्यांना फुकट आहे. हॉस्टेलच्या खोलीतून तूही एखादा रेणू टाकून तो मलेरियाच्या परजीवीवर चालण्याची शक्यता किती, हे बघू शकतेस.

दुसरं उदाहरण केपटाऊन विद्यापीठाच्या एचथ्रीडी या औषधं शोधणाऱ्या केंद्राचं. बार्सिलोनाच्या एर्सिलिया या छोट्या ना-नफा संस्थेनं त्यांच्यासाठी ‘झैराकेम’ नावाची मॉडेल बांधायची प्रणाली तयार केली, २०२३ साली तिचा शोधनिबंध आला. मलेरिया आणि टीबीवरचे प्रयोग तिथलेच, डेटा तिथलाच, आणि पुढं कुठला रेणू बनवायचा हा निर्णयही तिथलाच. बाहेरच्यांनी अवजार दिलं आणि ते चालवायला शिकवलं. बेळगावसारख्या ठिकाणी काही उभं करायचं झालं तर नमुना म्हणून मी मोठ्या अमेरिकन कंपनीकडं बघणार नाही, केपटाऊनकडं बघेन.

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय: जुन्याच औषधाचा नवा उपयोग. एआयचा फायदा आजच्या घडीला सगळ्यात लवकर इथं दिसतो, कारण औषध माणसाला चालतं की नाही हे आधीच ठाऊक असतं. फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनच्या बेनेव्हलंटएआय या कंपनीनं आपल्या प्रणालीच्या आधारे सुचवलं की संधिवाताचं बॅरिसिटिनिब कोविडमध्ये उपयोगी पडेल. पुढं मोठ्या चाचण्यांत ते खरं ठरलं आणि जानेवारी २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं गंभीर कोविडसाठी त्याची ठाम शिफारस केली. त्याच कंपनीबरोबर डीएनडीआयनं नंतर डेंग्यूसाठी काम सुरू केलं. अमेरिकेत एव्हरी क्युअर ही ना-नफा संस्था मान्यताप्राप्त औषधं आणि आजार यांच्या सगळ्या जोड्या एआयनं तपासते आहे. २०२४ साली तिला तिथल्या सरकारकडून ४.८ कोटी डॉलरच्या वर निधी मिळाला. तिचे संस्थापक डेव्हिड फायगनबॉम स्वतः एका दुर्मीळ आजारातून दुसऱ्याच कामाच्या जुन्या औषधावर बरे झालेले डॉक्टर आहेत.

पण इशारा मिळाला म्हणजे औषध मिळालं असं नाही. पुरावा कसा उभा राहतो हे बघायला लंडनला जायची गरज नाही, ते आपल्या जिल्ह्यात घडलंय. मिसोप्रोस्टॉल ही मुळात जठराच्या अल्सरवरची गोळी. तिच्यानं गर्भाशय आकुंचन पावतं हेही माहीत होतं. बाळंतपणानंतर अंगावरून फार रक्त जाऊन बायका दगावतात, आणि त्यावरचं नेहमीचं इंजेक्शन थंडाव्यात ठेवावं लागतं, द्यायला शिकलेला हात लागतो. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या बाईला ही गोळी चालेल का? बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजनं अमेरिकन संशोधकांबरोबर २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १,६२० बायकांवर त्याची चाचणी घेतली. निम्म्यांना गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, आणि देणाऱ्या कोण, तर गावातल्या एएनएम सिस्टर. बाळ जन्मलं की बाळंतिणीच्या कमरेखाली प्लास्टिकची एक चादर सरकवायची. तिला खाली निमुळती होत गेलेली पिशवी आणि पिशवीवर मिलीलिटरच्या खुणा. डोळ्यांनी घेतलेला रक्ताचा अंदाज बराच कमी येतो, म्हणून ही पिशवी. निकाल २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जाण्याचं प्रमाण शंभरात बारावरून ६.४ वर आलं, आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली.

हे मी सविस्तर सांगितलं कारण एआयच्या गप्पांत हा भाग नेहमी वगळला जातो. उद्या एखादं मॉडेल दहा जुनी औषधं सुचवेल. त्यातलं कुठलं खरं, हे ठरवायला पिशवीवरची खूण वाचून प्रामाणिकपणे आकडा लिहिणारी सिस्टर लागते. तशा सिस्टर आपल्या जिल्ह्यात होत्या आणि आहेत. कुठल्याही संस्थेबरोबर बोलायला बसताना आपली बाजू यावरच भक्कम होते.

आता माकडताप. हा विषाणू १९५७ साली शिवमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला. गोचिडीतून पसरतो, माकडं मरायला लागली की माणसांत ताप दिसायला लागतो. २०१५ सालापासून गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ पासून सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात तो आहे. आपल्याकडचे मजूर काजूच्या हंगामात तिकडं जातात, आणि बेळगाव जिल्ह्यातून गोव्याच्या काजूबागांत गेलेल्या मजुरांत २०१६ साली तो आढळला होता. शंभरात तीन ते पाच जण दगावतात. नेमकं औषध नाही. जुनी लस पुरेसा गुण देईना म्हणून बंद झाली, नव्या लसीचं काम आयसीएमआरनं हाती घेतलं आहे.

संगणकावरचं काम इथं अवघड नाही. हा विषाणू डेंग्यूच्याच कुळातला. त्याच्या प्रती काढणाऱ्या एनएस५ या प्रथिनाचा त्रिमित आकार तू घरबसल्या काढू शकतेस. अल्फाफोल्ड या प्रथिनांचे आकार सांगणाऱ्या एआयच्या खुल्या भांडारात २० कोटींच्या वर प्रथिनं आहेत, पण विषाणूंची प्रथिनं त्यातून मुळातच वगळली होती, त्यामुळं तिथं शोधत बसू नकोस. आपल्याला हव्या त्या प्रथिनाचा आकार काढून देणारं कोलॅबफोल्ड वापर, तेही फुकट आहे. त्या आकारात कुठला रेणू बसतो याची यादीही निघेल. अशा याद्यांचे निबंध बरेच छापून येतात आणि बहुतेक तिथंच थांबतात, कारण जिवंत विषाणूवर रेणू तपासायला अतिसुरक्षित प्रयोगशाळा लागते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसारख्या मोजक्याच जागी ती सोय आहे. त्यामुळं मॉडेलला शिकवायला प्रयोगांचे आकडे नाहीत. पेशंट थोडे, विखुरलेले, तेही जंगलाच्या कडेला, म्हणून मोठी चाचणी उभी करणं कठीण.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगते. फक्त माकडतापासाठी नव्यानं रचलेलं औषध येत्या काही वर्षांत येईल असं मला वाटत नाही. डेंग्यूसाठी शोधलेलं काहीतरी त्यालाही लागू पडेल, ही आशा जास्त खरी आहे. डेंग्यूवर डीएनडीआयबरोबर थायलंड, मलेशिया, ब्राझीलमधल्या संस्था आणि आपली फरिदाबादची टीएचएसटीआय ही सरकारी संशोधन संस्था मिळून काम करतात. त्यांच्याकडं आपल्या भागातल्या डॉक्टरांनी आणि संशोधकांनी एक मागणी लावून धरायला हवी: डेंग्यूवर चाललेला प्रत्येक रेणू पुण्यात माकडतापाच्या विषाणूवरही तपासा, आणि चालला नाही तरी निकाल उघड करा. नव्या औषधाच्या खर्चापुढं हा खर्च किरकोळ आहे.

आपण काय द्यायचं? नोंदी. आणि सीमाभागाची खरी अडचण तिथंच आहे. खानापूरचा पेशंट बेळगावात येतो किंवा थेट गोव्यात बांबोळीला जातो. निपाणीचा कोल्हापूर नाहीतर मिरज गाठतो. एकाच माणसाच्या तापाचे तुकडे तीन राज्यांच्या वह्यांत पडतात. इकडं नावाआधी गावाचं किंवा वडिलांचं आद्याक्षर, तिकडं आडनाव शेवटी. गावाचं नाव प्रत्येक वहीत वेगळ्या पद्धतीनं लिहिलेलं, वय अंदाजानं. संगणकाला ती तीन माणसं वाटतात. ताप कधी चढला हे एका वहीत, कुठली औषधं दिली हे दुसरीत, आणि माणूस बरा झाला की गेला हे तिसरीत. औषधानं फरक पडला का हे शिकायला सुरुवात आणि शेवट एकत्र लागतात, आणि आपल्या पेशंटचं नेमकं तेच तुटलेलं असतं. सरकारी पातळीवर तिन्ही राज्यांच्या व्यवस्था जोडायला वेळ लागेल. पण दवाखान्यांचं आणि स्वयंसेवी संस्थांचं एक छोटं जाळं फक्त काजूच्या हंगामातल्या तापापुरतं एकाच नमुन्यातली नोंद ठेवू शकतं. सीमेचा दावा २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत तापाची वही एक करायला कुणाची हरकत नसावी.

संमतीबद्दल मात्र मी हट्टी आहे. कानडीतला कागद पुढं सरकवून मराठी बोलणाऱ्या बाईचा अंगठा घ्यायचा, ही संमती नव्हे. कागद दोन्ही भाषांत हवा, वाचून दाखवणारी आशाताई त्याच भागातली हवी, आणि ‘ही माहिती पुढं संगणकाला शिकवायला वापरली जाईल’ हे वाक्य वेगळं सांगून त्याला वेगळा होकार घ्यायला हवा. आयसीएमआरची एआयवरची नीतिमार्गदर्शक तत्त्वं २०२३ साली आली, वैयक्तिक डेटाचा कायदाही त्याच वर्षी झाला. बाहेरून येणाऱ्याला ते दोन्ही पाळायला लावणं आपल्या हातात आहे.

तुझ्या भागातलं नरक्याचं झाड तुला माहीत असेल. त्यात कॅम्प्टोथेसिन असतं, ज्याच्यापासून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही कॅन्सरची औषधं बनतात. सह्याद्रीच्या जंगलांतून हे लाकूड चोरून पोत्यापोत्यानं गेलं आणि तोडणाऱ्याच्या हाती दिवसाची मजुरी तेवढी आली. वनस्पतींसाठी निदान २००२ चा जैवविविधता कायदा आहे, त्यात स्थानिकांना लाभाचा वाटा देण्याची तरतूद आहे. तापाच्या नोंदींना तसं संरक्षण नाही. काही वर्षांच्या नोंदी पेन ड्राइव्हवर द्या, एवढंच म्हणणारी एकपानी पत्रं मी पाहिली आहेत. त्यात मूळ डेटा कुणाकडं राहणार, दुसऱ्या कामासाठी वापरायचा झाल्यास पुन्हा विचारणार का, तयार झालेलं मॉडेल आम्हाला वापरता येईल का, औषध निघालंच तर इथं किती किमतीला मिळणार, यातलं काहीच नव्हतं. ना-नफा संस्था आहे म्हणून हे प्रश्न सोडायचे नाहीत. चांगल्या संस्था त्यांची उत्तरं करारात आधीच लिहून आणतात. कोविडच्या काळात मूनशॉट नावाच्या खुल्या प्रकल्पात जगभरातून १८,००० च्या वर रेणूंच्या कल्पना आल्या आणि पेटंट न घेता सगळं जाहीर करायचं हे आधीच ठरलेलं होतं. प्रत्येक करार इतका खुला नसेल, पण कागदावर काहीतरी ठरलेलं असायलाच हवं.

शेवटी तुझ्यापुरतं. बेळगावात आयसीएमआरची पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्था आहे, व्हीटीयू या तंत्रशिक्षणाच्या विद्यापीठाचं मुख्यालय आहे, मेडिकल आणि फार्मसी कॉलेजं आहेत. संगणकाची मुलं आणि औषधाची मुलं एकाच गावात असून एकमेकांना भेटत नाहीत, तर एखादा मित्र व्हीटीयूकडचा शोध. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि रेणू हाताळायचं आरडीकिट हे सॉफ्टवेअर शिक, दोन्ही फुकट. मग चेंबल या खुल्या भांडारातून डेंग्यूच्या विषाणूवर झालेल्या प्रयोगांचा डेटा उतरवून घे आणि मॉडेल बांधायच्या आधी तो स्वच्छ कर: खुणा कुठं गळल्यात, एकक कुठं बदललंय, एकच रेणू दोनदा कुठं आलाय. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला एवढं पुरेसं आहे, आणि असा नीट केलेला तक्ता खुला ठेवलास तर डेंग्यूवर काम करणारे लोक तो वापरतील. गाइडशी बोलून विषय ठरला की कळव. पहिल्या तक्त्याचे रकाने कसे ठेवायचे ते मी बघून देईन.